स्क्रीनवर प्रशांतचं नाव होतं

माझ्या धंद्यात सकाळी फोन आला की समोरचा माणूस आधी आरोपीचं नाव सांगतो, मग बिघाड. पिंपळे गुरवच्या एका दातांच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आमच्या रिसेप्शनिस्टनं कॉम्प्युटरला काहीतरी करून ठेवलंय." ती बिचारी तेव्हा बहिणीच्या लग्नाला गावी गेलेली. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरला पक्की खात्री होती की समोरच्या गाळ्यातला स्पर्धक वायफायमधून आत शिरतो. दोन्हीकडे मी जाऊन पाहिलं तर प्रकार तोच. सुट्टीच्या दिवशी अपडेट आलं, मशीन स्वतःहून बंद होऊन परत चालू झालं, आणि आतली एक सर्व्हिस उठलीच नाही.

सर्व्हिस म्हणजे काय, हे मला लग्नसमारंभातसुद्धा सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगते. सर्व्हर हा एक कॉम्प्युटरच, फक्त त्याच्यासमोर कोणी बसत नाही. तो एसीच्या खोलीत एकटा चालू असतो. त्यावर काही प्रोग्रॅम असे असतात की ते कोणी क्लिक न करता, मशीन चालू होताच आपापले सुरू होतात. एक बिलांचा डेटा सांभाळतो, एक लेबलं छापायला पाठवतो, एक रोज बॅकअप घेतो. या प्रोग्रॅमना सर्व्हिस म्हणतात. त्या चालू असतात तोवर त्या आहेत हे कोणाच्या गावीही नसतं. अपडेटनंतर एखादी उठली नाही की मग मला फोन येतो.

मी दिघीला राहते, आमचं छोटंसं ऑफिस तळवड्याला. आता बरंचसं काम भागीदार बघतो. चाकण-भोसरीची जुनी गिऱ्हाईकं मात्र मलाच बोलावतात. इतक्या वर्षांत मशीनपेक्षा माणसांचे संशयच मी जास्त दुरुस्त केले असतील, आणि त्यात अपयशही भरपूर घेतलं. त्यातलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. ते चाकणचं.

प्रेसशॉप होता. पत्रा दाबून गाड्यांसाठी ब्रॅकेट बनवायचे आणि एका मोठ्या गाडी कंपनीला रोज ट्रकने पाठवायचे. मालक तिथल्याच गावातले. एमआयडीसीत जमीन गेली, तेव्हा इतरांनी गाड्या घेतल्या आणि यांनी प्रेस मशीन घेतलं. सगळे त्यांना शेठ म्हणत. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, त्या प्रशांतनं आमाला बुडवलं. लगोलग या."

"काय झालंय, शेठ?"

"सर्वर बंद. लेबलं न्हाईत. ट्रक उभं हायेत. जाताना कायतरी पेरून गेलाय बघा तो."

प्रशांत म्हणजे त्यांच्याकडचा सिस्टीमचा माणूस. लातूरकडचा, तिशीतला, बायको-मुलीसह भाड्याच्या खोलीत राहणारा. महिन्याभरापूर्वीच तो नोकरी सोडून तळवड्यातल्या एका कंपनीत गेला होता. शेठना त्याचा फार लळा होता. जेवायला घरी न्यायचे, मुलीच्या बारशाला स्वतः गेले होते. असा माणूस न सांगता दुसरीकडे मुलाखत देऊन आला, याचा त्यांना भयंकर राग होता. इतका, की त्याचं अनुभवपत्रही त्यांनी अडवून ठेवलं होतं.

मी पोहोचले तेव्हा डिस्पॅचचे इनचार्ज तांबे दारातच उभे होते. भरलेल्या पेट्यांचे ढीग, पण लेबल एकाही पेटीवर नाही. लेबलाशिवाय गाडी कंपनी माल गेटच्या आत घेत नाही. तिची गाड्या जोडायची लाइन यांच्या ब्रॅकेटसाठी थांबली, तर पुढच्या वर्षी ऑर्डर टिकेल याची कोणी हमी देत नाही.

मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून मशीनला कोणी हात लावला?"

"कोणीच नाही," तांबे म्हणाले.

याचं उत्तर नेहमी हेच येतं आणि ते कधीच खरं नसतं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तांबे म्हणाले, "म्हणजे, एकदोनदा बंद करून चालू केलं फक्त."

सर्व्हर रूममध्ये शेठ माझ्या मागोमाग आले. रविवारी अपडेट झालं होतं, मशीन रिस्टार्ट झालं होतं, आणि डेटाबेसची, म्हणजे लेबलांवरची माहिती सांभाळणारी, सर्व्हिस बंद होती. मी ती सुरू करून पाहिली. क्षणभर थांबून पडद्यावर तक्रारीची चौकट आली. लॉगइन होऊ शकलं नाही, असा तिचा अर्थ. तपशील उघडला, तर त्या ओळीत एक नाव होतं. प्रशांतचं.

शेठना इंग्रजी फारसं वाचता येत नसलं तरी नावं येतात. त्यांनी पडद्यावर बोटच ठेवलं.

"हे बगा! नाव हाय का न्हाई त्याचं? आता अजून काय पुरावा पायजे?"

खरं सांगायचं तर मलाही तो पुरावाच वाटला. माणूस रागावून गेलेला, त्याचं पत्र अडवलेलं, आणि बंद पडलेल्या सर्व्हिसमध्ये त्याचंच नाव. भरीला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं की शनिवारी प्रशांत आला होता. दुपारी गेटवर बराच वेळ उभा होता, मग निघून गेला. शनिवारी माणूस गेटवर, रविवारी सर्व्हर आडवा. मी बॅकअप बघितला, तर तोही प्रशांतच्याच नावाने चालणारा आणि तोही बंद. जिथे हात घालावा तिथे तो निघत होता.

"तुम्ही बोललात का त्याच्याशी?" मी शेठना विचारलं.

"त्याच्याशी कशाला? त्याच्या नव्या मालकाशी बोललो. आपल्या असोसिएशनमधलाच हाय तो. म्हटलं, साप घरात घेतलाय तुमी. पोलीस स्टेशनात बी वळख हाय, तिथं दुपारी जातोय."

हे ऐकून मात्र मी सावध झाले. आता नुसतं मशीन चालू करून भागणार नव्हतं.

मी त्या ओळीचा पुढचा भाग पुन्हा वाचला. सर्व्हिसलाही मशीनमध्ये शिरायला कोणाचं तरी खातं, म्हणजे नाव-पासवर्ड, लागतं; हिला प्रशांतच्या खात्याने लॉगइन करायचं होतं आणि ते झालं नाही, कारण ते खातं बंद केलेलं होतं. पासवर्ड चुकीचा नव्हता, कुठली फाइल पुसलेली नव्हती, अपडेटही व्यवस्थित बसलं होतं. खातं बंद, एवढंच कारण. मग प्रश्न असा, की खातं बंद केलं कोणी?

मी बाहेर येऊन तो विचारला. एच.आर.चं काम बघणारी शिल्पा समोरच्याच टेबलावर होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मला काही कल्पना नाही, मॅडम," म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली.

झालं. माझा संशय प्रशांतवरून उठला आणि शिल्पावर जाऊन बसला. त्यातच वॉचमन म्हणाला, शनिवारी प्रशांतने गेटवर शिल्पा मॅडमचंच नाव घेतलं होतं. दोघांनी मिळून काही केलं की काय? हा विचार किती सहज आला, याचं आज आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

थोड्या वेळाने शिल्पाच मला कँटीनमागे घेऊन गेली.

"मॅडम, खातं मीच बंद केलंय. तो गेला त्या दिवशीच. कोणी सोडून गेलं की त्याचं खातं बंद करायचं, हा आपला नियमच आहे. कसं करायचं ते त्यानंच मला शेवटच्या दिवशी शिकवलं. स्वतः शेजारी बसून."

"स्वतःचं खातं बंद करायला त्यानं शिकवलं?"

"हो. म्हणाला, माझ्यापासूनच सुरुवात करा."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"शेठ म्हणतील, तूच पाडलंस सर्व्हर. आणि शनिवारी त्याला मीच बोलावलं होतं. अनुभवपत्र गुपचूप देणार होते. पण नेमके शेठ सुट्टी असूनही आले. मी वॉचमनला फोन करून त्याला परत पाठवायला लावलं. हे कळलं तर माझी नोकरीच जाईल."

आता सगळं जुळत होतं, फक्त एक गोष्ट सोडून. खातं महिन्यापूर्वी बंद झालं, तर सर्व्हिस काल का पडली? बाहेरच्या माणसाला खरा घोळ इथेच वाटतो. चालू सर्व्हिसचं खातं बंद केलं तरी ती लगेच पडत नाही. कामगार आत मशीनवर उभा असताना गेटवर त्याचा पास रद्द झाला, तर आत येऊन त्याला कोणी बाहेर काढत नाही. तो शिफ्ट संपवतो, बाहेर पडतो, आणि परत आत येताना अडवला जातो. सर्व्हिस महिनाभर तशीच आत होती. रविवारच्या अपडेटने सगळ्यांना एकदा बाहेर काढून परत आत घेतलं, आणि ती गेटवर अडकली.

मी प्रशांतला फोन लावला. बायकोने उचलला, कोण, कशासाठी, असं चारचारदा विचारलं, मग त्याला दिला.

"मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"नाही. एवढंच सांग, डेटाबेसची सर्व्हिस तुझ्या नावाने का होती?"

तो म्हणाला, "बसवली तेव्हा शेठ डोक्यावर उभे होते ओ. म्हणले, आजच्या आज चालू कर. माझ्या खात्यानं चालू केलो. नंतर वेगळं खातं करायचं म्हणून ठेवलो, ते राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी ध्यानातच आलं नाही. चुकलं माझं. पण मुद्दाम काहीच केलो नाही, मॅडम. इथं सकाळी माझा लॅपटॉप काढून घेतलेत. बाहेर बाकड्यावर बसवलेत. सगळे येता-जाता बघायलेत."

फोन ठेवला तेव्हा शेठ माझ्यामागेच उभे होते. मी त्यांना पासचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. खातं कंपनीच्या नियमानुसार बंद झालं, एवढंच म्हणाले. शिल्पाचं नाव घेतलं नाही.

"म्हंजे खातं परत चालू केलं की झालं?"

"हो, लगेच सुरू होईल."

"मग करा की! ट्रक उभं हायेत!"

"नाही करणार, शेठ. जो माणूस इथं नाही, त्याच्या नावाने कारखाना चालवायचा, म्हणजे उद्या काहीही बिघडलं की खापर त्याच्यावरच फुटणार. मला थोडा वेळ द्या."

तांब्यांनी कपाळावर हात मारला. मी सर्व्हिससाठी स्वतंत्र खातं काढलं, कोणा माणसाचं नसलेलं, त्या कामापुरतेच हक्क असलेलं. सर्व्हिसला ते लावलं आणि सुरू केली. ती उठली आणि लगेच पुन्हा आडवी झाली.

"बगा!" शेठ ओरडले. "म्हटलं न्हवतं? आत अजून पेरलंय त्यानं!"

मी नव्या तक्रारीचा तपशील उघडला. मग लक्षात आलं, डेटा ज्या फोल्डरमध्ये होता, तो उघडायचा हक्क नव्या खात्याला दिलाच नव्हता. तो दिला आणि पुन्हा सुरू केली. या वेळी ती उठली आणि टिकली. बाहेर लेबल प्रिंटरचा करकर आवाज सुरू झाला, आणि तांबे धावतच सुटले. थोड्या वेळात पहिला ट्रक बाहेर पडला.

बॅकअपलाही मी असंच स्वतंत्र खातं लावून दिलं. इथे माझं काम संपायला हवं होतं. मी शेठना म्हणाले, "आता प्रशांतच्या कंपनीत फोन करा. त्याचा दोष नाही म्हणून सांगा."

"दोष न्हाई कसा? नाव त्याचं व्हतं का न्हवतं? मी माज्या डोळ्यानं वाचलंय."

पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. पडद्यावर वाचलेलं नाव त्यांच्या डोक्यातून हलायला तयार नव्हतं. पोलीस स्टेशनला जायला गाडी काढायलाही त्यांनी सांगितलं. तिकडे तो बाकड्यावर बसलेला. मला राग आला, आणि रागातच एक गोष्ट सुचली.

"शेठ, तुमचं खातं थोडा वेळ वापरू देता? सर्व्हरवर नाही, त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर."

"कशापायी?"

"तुम्हाला दाखवायचंय काहीतरी. पासवर्ड तुम्हीच टाका."

त्यांनी एका हाताने कीबोर्ड झाकून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकला. मी एक साधी, बिनकामाची सर्व्हिस त्यांच्या नावाने लावली आणि सुरू केली. मग शिल्पाला हाक मारली. "शेठचं खातं बंद करा." ती शेठकडे बघायला लागली. शेठ म्हणाले, "कर."

खातं बंद झालं. सर्व्हिस चालूच होती. मी म्हणाले, "बघा, काही झालंय का?"

"न्हाई. चालू हाय."

"आता समजा अपडेट आलं." मी मशीन रिस्टार्ट केलं. ते उठलं, सर्व्हिस उठली नाही. मी तशीच नोंद उघडली आणि बाजूला झाले. ओळीत शेठचं नाव होतं, पूर्ण नाव, आडनावासकट.

"शेठ," मी विचारलं, "हे तुम्ही कधी पेरलंत?"

तांब्यांना चहाचा ठसका लागला. शिल्पाने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलताना दिसत होते. शेठ मात्र हसले नाहीत. वाकून नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग खिशातून मोबाइल काढून व्हरांड्यात गेले. आम्हाला त्यांचं एवढंच ऐकू आलं, "आमचं चालू झालंय. पोराचा काय संबंध न्हाई. व्हय. न्हाई, माजीच गल्लत झाली." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की पलीकडच्याला ऐकू गेलं असेल का, अशी मला शंका आहे.

आत येऊन शिल्पाला म्हणाले, "त्याचं पत्र टाईप कर. मी सही करतो." शिल्पाने ते ड्रॉवरमधून काढूनच दिलं. तयार कसं, हे त्यांनी विचारलं नाही. कळलं असावं. सही केली आणि गाडी काढू नको म्हणून ड्रायव्हरला सांगितलं.

हे सगळं गोडीत संपलं, असं मात्र सांगता येणार नाही. पुढच्या खेपेला मी चाकणला गेले तर गेटवर माझी बॅग तपासली. सर्व्हर रूममध्ये नवा कॅमेरा, बरोबर माझ्या खुर्चीच्या मागे. मी शेठना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "ताई, तुमी इमानदार हाय, त्यात वाद न्हाई. पन चहा प्यायच्या आत तुमी माजंच नाव चोर म्हनून पडद्यावर आनलं. येवढं ज्याला येतंय, त्याच्यावर नजर ठिवायला नको?"

अजूनही मी त्यांच्याकडे जाते आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून काम करते. सुरुवातीला मान अवघडायची, आता सवय झाली.

प्रशांतला नव्या कंपनीत त्याच दिवशी परत जागेवर बसवलं, लॅपटॉपही दिला. सर्व्हर रूमची किल्ली मात्र बरेच दिवस दुसऱ्याकडे ठेवली. शेवटी तो तिथूनही निघाला आणि आता हिंजवडीकडे चांगल्या ठिकाणी आहे. मध्यंतरी मुलीच्या शाळेच्या कामासाठी दिघीला आला होता, तेव्हा घरी येऊन गेला. निघताना चपला घालता घालता थांबला.

"मॅडम, एक विचारू का? त्या दिवशी तुम्हालाही वाटलं होतं का, मीच केलो म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. यजमान शेजारी उभे होते, त्यांनीही मला डोळ्यांनी तेच सुचवलं.

"हो," मी म्हणाले. "सकाळचा चहा होईपर्यंत माझा संशय तुझ्यावर होता. मग शिल्पावर गेला."

तो जिन्यातच खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "शेठ भेटले होते गेल्या महिन्यात, चाकणच्या चौकात. मिठीच मारले. म्हणले, मला कधीच तुझ्यावर संशय नव्हता. तांबेही तसंच म्हणले. माझ्या कंपनीतलेही तेच म्हणायचे. मग त्या दिवशी मला बाकड्यावर बसवलं कोण, तेच कळंना झालतं."